एच-४ ईएडीचं नूतनीकरण: ऑटो एक्स्टेन्शन गेलं, आता मधल्या महिन्यांचं काय?

रानजाई | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला असते. एच-४ ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, सरकारी शाळेत सातवीला गणित शिकवते, हे चौथं वर्ष. नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), माझा एच-४ (त्यावर अवलंबून असलेला) आणि माझं ईएडी, तिन्ही १२ फेब्रुवारी २०२६ला संपतात. नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांकडे आम्ही ऑगस्टपासून तगादा लावला होता. "अजून वेळ आहे" करत करत त्यांनी तिन्ही अर्ज एकत्र पाठवले आणि ते पोचले ३ नोव्हेंबरला.

३० ऑक्टोबरपासून ईएडीचं ऑटोमॅटिक एक्स्टेन्शन (नूतनीकरणाचा अर्ज पोचला की जुन्या कार्डाला आपोआप मिळणारी मुदतवाढ) बंद झालं हे तुम्हाला माहीत असेलच. पाच दिवस! पाच दिवस आधी पाकीट पोचलं असतं तर ५४० दिवस मिळाले असते. तेव्हापासून झोप नाही.

प्रश्न दोन. १२ फेब्रुवारीपर्यंत कार्ड आलं नाही तर नेमकं काय काय थांबतं? आणि मुख्याध्यापकांना आत्ताच सांगावं की जानेवारीपर्यंत थांबावं? मुलांच्या वार्षिक परीक्षा मे महिन्यात असतात, मध्येच शिक्षक बदलला तर त्यांचे हाल.

---

डबल_पोळी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

अगं बाई. वाचतेय. माझंही जूनमध्ये आहे.

---

तात्या_डलासकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

वकिलांचं घोडं नेहमी तिथेच पेंड खातं. कंपनी त्यांची अशील, आपण नाही. आपल्या बायकोचं कार्ड तर त्यांच्या यादीत सगळ्यात तळाला. आमच्याकडे मी गेल्या खेपेपासून आय-५३९ (एच-४ वाढवायचा फॉर्म) आणि आय-७६५ (ईएडीचा) स्वतः भरतो. अवघड काही नाही, फक्त फॉर्मची आवृत्ती ताजी हवी आणि सही विसरायची नाही.

सल्ला: मुख्याध्यापकांना आत्ताच सांगा.

---

खारे_शेंगदाणे | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रानजाई, आधी झोपा. त्या पाच दिवसांनी तुमचं काहीही बिघडलेलं नाही.

एच-४वाल्यांचं ऑटो एक्स्टेन्शन कधीच सरसकट ५४० दिवसांचं नव्हतं. ५४० दिवस, अर्जाचा निकाल किंवा आय-९४वरची (देशात किती दिवस राहता येतं त्याची नोंद) तारीख, यांतलं जे आधी येईल तिथे ते संपायचं. २०२१च्या शेरगिल खटल्यातल्या तडजोडीत ही मेख होती आणि नंतरच्या नियमांतही ती राहिली. तुमचा एच-४ आणि ईएडी एकाच दिवशी संपतात, म्हणजे आय-९४सुद्धा १२ फेब्रुवारीलाच संपणार. पाकीट सप्टेंबरात पोचलं असतं तरी एच-४ आधी मंजूर होऊन नवा आय-९४ हातात आल्याशिवाय तुम्हाला एक दिवसही जास्त मिळाला नसता.

फायदा व्हायचा तो भारतात जाऊन आलेल्यांना. परत येताना विमानतळावर लांब तारखेचा आय-९४ मिळालेला आणि ईएडी मात्र जुन्या तारखेचं, अशांना. त्यांचं खरं नुकसान झालं ३० ऑक्टोबरला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आय-५३९ मुदतीत पोचलाय, त्यामुळे निकाल लागेपर्यंत देशात राहता येतं. काम मात्र १२ तारखेच्या मध्यरात्री थांबवायचं. पगारी नाही आणि "फुकट येऊन शिकवते" असंही नाही. ज्या कामाला एरवी पगार असतो ते बिनपगारी केलं तरी ते कामच धरतात.

---

रानजाई | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

थांबा थांबा. म्हणजे मी आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला तो फुकट?

---

तात्या_डलासकर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४४

अबोला वाया जात नाही ताई. पुढच्या भांडणात जमा धरा. :फिदी:

---

खारे_शेंगदाणे | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

आता कामाचं. नवऱ्याचा एच-१बी प्रीमियममध्ये टाका. २,८०५ डॉलर फी आहे (नोव्हेंबर २०२५ची), आधी पाठवलेल्या अर्जावरही नंतर प्रीमियम लावता येतं, पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर. एच-४ आणि तुमच्या ईएडीला प्रीमियमची सोयच नाही. पण मूळ एच-१बी मंजूर झाल्याशिवाय तुमच्या फायलीला कुणी हात लावणार नाही, म्हणून निदान तो अडथळा दूर करा.

पूर्वी तिन्ही अर्ज एकत्र आले तर एकत्रच निकाली काढायचे, एडाकुन्नी खटल्यातली तडजोड होती तशी. ती दोन वर्षांची होती, जानेवारी २०२५मध्ये संपली. आता अधिकाऱ्याची मर्जी. कुणाची तिन्ही मंजुरीपत्रं एका आठवड्यात येतात, कुणाचं एच-४ चार-सहा महिने लोळत पडतं.

---

स्पष्टवक्ता | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

कटू वाटेल, पण डिपेंडंट व्हिसावर येताना हे माहीत नव्हतं का? नावातच 'अवलंबून' आहे. २०१५पर्यंत एच-४वर कुणालाच काम करता येत नव्हतं. ती सवलत आहे, हक्क नाही. सवलतीवर घर, गाडी, दोन पगारांचे हप्ते उभारायचे आणि मग रडायचं. एवढा जाच असेल तर परत या, हिंजवडीत नोकऱ्या आहेत.

---

बर्लिनचा_बंड्या | १० नोव्हेंबर, दुपारी १:५१

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

सिंधू२००८ | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

स्पष्टवक्ता, २०१५पर्यंत कसं होतं ते मी सांगते, कारण मी ते जगले आहे.

मी २००८ला आले. पुण्यात सहा वर्षं स्ट्रक्चरल इंजिनियर होते. इथे आल्यावर बँकेत जॉइंट खातं उघडलं आणि डेबिट कार्ड आलं, तेव्हा त्यावर माझं नाव होतं म्हणून मी ते जपून ठेवलं होतं. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, कारण कामाची परवानगी नाही. लायब्ररीत पुस्तकं लावायला जायचे, मंडळाच्या गणपतीत हिशोब लिहायचे, शेजारणीच्या मुलांना भूमिती शिकवायचे आणि तिने वीस डॉलर पुढे केले की घाबरून हात मागे घ्यायचे. सात वर्षं. लोक विचारायचे, "मग दिवसभर काय करतेस?" आई फोनवर हेच विचारायची आणि तिचं जास्त लागायचं.

२६ मे २०१५ला नियम लागू झाला. नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने ग्रीनकार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला होता, म्हणून आम्ही बसलो त्यात. मी त्याच दिवशी अर्ज टाकला. सप्टेंबरात कार्ड आलं. पहिल्या नोकरीत माझ्याहून तेरा वर्षांनी लहान मुलगा मला सॉफ्टवेअर शिकवत होता. शिकले.

सवलत म्हणता ना? त्या सवलतीविरुद्धचा खटला त्याच वर्षी सुरू झाला आणि आत्ता, ऑक्टोबर २०२५मध्ये, सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला तेव्हा कुठे संपला. दहा वर्षं दर सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणायचं, "ऐकलं का, एच-४ ईएडी जाणार." तुम्ही त्या टांगत्या तलवारीखाली एक अप्रेझल देऊन दाखवा, मग बोलू.

---

डबल_पोळी | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

सिंधूताई, +१००

---

पुणेरी_आजी | १० नोव्हेंबर, रात्री ९:१० (भारतीय वेळ नव्हे, मी सध्या लेकाकडे एडिसनला आहे)

माझी सून रोज सकाळी फोनवर "केस वॉज रिसीव्हड" असं काहीतरी बघते आणि मग पोहे करपतात. मला वाटायचं कोर्टकचेरी लागली आहे. आज कळलं. ईएडी म्हणजे कामाचा परवाना, बरोबर? मग परवाना नवऱ्याच्या नोकरीवर का अवलंबून? नवऱ्याची नोकरी गेली तर हिचीही जाणार?

---

खारे_शेंगदाणे | १० नोव्हेंबर, रात्री ९:२५

आजी, तुम्ही एका ओळीत सगळं सांगितलंत. हो, जाणार.

आणि अजून गंमत ऐका. नवऱ्याचं एच-१बी एक्स्टेन्शन मुदतीत दाखल झालं असेल तर तारीख उलटल्यावरही तो त्याच कंपनीत २४० दिवस काम करू शकतो. एकाच पाकिटातून गेलेले अर्ज. त्याला २४० दिवस, तिला शून्य.

---

पुणेरी_आजी | १० नोव्हेंबर, रात्री ९:३१

उद्यापासून पोहे मी करते.

---

बर्लिनचा_बंड्या | ११ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

आमच्याकडे जर्मनीत मुदत संपण्याआधी अर्ज केला आणि भेटीची तारीख मिळाली नाही तर एक कागद देतात, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. निकालापर्यंत जुने हक्क, कामासकट, चालू राहतात असं 'मानायचं'. नाव उच्चारता आलं की निम्मं जर्मन नागरिकत्व मिळाल्यासारखं वाटतं. फक्त तो कागद मिळवायलाही भेटीची वेळ लागते आणि ती मिळत नाही. :अओ:

---

मेपल_काकू | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:००

कॅनडातही मुदतीआधी वर्क परमिटचा अर्ज गेला असेल तर निकालापर्यंत त्याच अटींवर काम सुरू ठेवता येतं. अमेरिकेने हे का काढलं?

---

खारे_शेंगदाणे | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

कारण असं दिलंय की आधी पूर्ण छाननी, मग मुदतवाढ. आणि सल्ला असा की १८० दिवस आधी अर्ज करा. १८०च्या आधी घेत नाहीत आणि निकाल १८०त लागेलच याची हमी नाही. शिवाय एच-४वाल्यांनी नवऱ्याच्या एक्स्टेन्शनआधी अर्ज करून करायचं काय? कार्ड एच-४च्या मुदतीपलीकडचं मिळत नाही.

एल-२वाले (कंपनीने बदली करून आणलेल्यांचे जोडीदार) सुटले. त्यांच्या आय-९४वर एल-२एस असं लिहिलेलं असतं, तोच कामाचा परवाना. कार्ड लागतच नाही. तेही त्याच शेरगिल तडजोडीतून.

---

कोकणचो_माणूस | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

एक बाळबोध प्रश्न. माझ्या टीममधली एक मेक्सिकन मुलगी पण दर दोन वर्षांनी "रिन्यूअल, रिन्यूअल" करत टेन्शनमध्ये असते. ती म्हणते डाका. ते आणि हे एकच का?

---

खारे_शेंगदाणे | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

नाही. डाका हा व्हिसा नाही. १५ जून २०१२ला ओबामांच्या काळात जाहीर झालेलं संरक्षण: लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना दोन वर्षं हद्दपार करणार नाही, आणि त्यासोबत कामाचा परवाना. दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, पाचशेवर डॉलर फी. मुदत संपण्याच्या १२० ते १५० दिवस आधी पाठवा असं सांगतात. ऑटो एक्स्टेन्शन त्यांना आधीपासूनच नव्हतं. कार्ड उशिरा आलं तर नोकरी जाते, आणि संरक्षणही त्याच दिवशी संपतं. आपल्याला निदान आय-५३९ पेंडिंग असताना राहता येतं. तिचं टेन्शन माझ्या-तुमच्यापेक्षा वरच्या जातीचं आहे.

---

स्पष्टवक्ता | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

म्हणजे बेकायदा आलेल्यांना योजना आणि आपण कायद्याने आलेले रांगेत. हाच तर मुद्दा आहे.

---

निशिगंध_एनजे | ११ नोव्हेंबर, रात्री ८:०५

या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण माझा मुलगा या दोन्हींच्या मधल्या फटीत पडला आहे.

तो २००४चा, जन्म सांगलीचा. २००६ला आमच्याबरोबर आला, दोन वर्षांचा होता. डाकाच्या जवळजवळ सगळ्या अटींत बसतो: सोळाच्या आत आला, २००७पासून सलग इथे, शाळा इथली. एकच अट आडवी. १५ जून २०१२ला तो कायदेशीर दर्जाशिवाय असायला हवा होता. आम्ही तर एच-४चे कागद फायलीत लावून बसलेलो. नियमाने वागलो म्हणून अपात्र. ग्रीनकार्डाची प्रक्रिया कंपनीने उशिरा सुरू केली, रांगेतली आमची तारीख २०१४ची, आणि ईबी-२ (आमचा ग्रीनकार्डाचा वर्ग) ची रांग आत्ता, नोव्हेंबर २०२५मध्ये, अजून २०१३मध्येच घुटमळते आहे. या वर्षी तो एकवीसचा झाला आणि एच-४मधून बाहेर पडला. आता एफ-१ वर, ज्या देशात दोन वर्षांचा असल्यापासून राहतो तिथे परदेशी विद्यार्थी. फी तशीच, मोकळेपणाने नोकरी नाही.

त्याची बालमैत्रीण एल साल्वाडोरची, डाकावर आहे. ती दोन वर्षांनी कार्ड बदलते, हा ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती मुभा) महिने मोजतो. दोघं आमच्या स्वयंपाकघरात बसून कुणाचं जास्त वाईट यावर पैज लावतात. दर वेळी तीच जिंकते, कारण विमानात बसून आजीला भेटायला जायचं तर तिला आधी सरकारची परवानगी लागते. मला तिच्याबद्दल "यांना योजना आणि आम्ही रांगेत" असं म्हणवत नाही.

---

स्पष्टवक्ता | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

हे माहीत नव्हतं. मुलाला शुभेच्छा. माझा मुद्दा धोरणाबद्दल होता, माणसांबद्दल नाही.

---

तात्या_डलासकर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:००

आमच्या शेजारचे नेपाळी कुटुंब टीपीएसवर (संकटातल्या देशांच्या लोकांना मिळणारं तात्पुरतं संरक्षण) होतं. २०१५च्या भूकंपानंतर मिळालेलं. दहा वर्षांत त्यांनी मोमोचं दुकान टाकलं, माझं वजन वाढवलं. आता ते संरक्षणच काढून घेतलंय, कोर्टात भांडण चालू. तिकडे तर प्रश्न कार्ड कधी येणार हा नाही, यादीत देश राहणार का हा आहे.

असो. मूळ मुद्द्यावर या, नाहीतर ॲडमिन धाग्याला कुलूप लावतील. रानजाई, मुख्याध्यापकांना सांगितलंत का?

---

रानजाई | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्याकडे कागद नाहीत?" कागद कसे आहेत, किती आहेत, कुठला कुठल्यावर टेकलाय हे समजावताना वीस मिनिटं गेली. शेवटी फळ्यावर आकृती काढली. त्या म्हणाल्या, बिनपगारी रजा मंजूर करायचा प्रयत्न करते, राजीनामा देऊ नकोस.

नवऱ्याचं प्रीमियम टाकलं. पैसे आम्ही भरले.

सगळे सांगताहेत, डिसेंबरात भारतात जाऊन व्हिसाचा शिक्का मारून ये, नवा आय-९४ मिळेल. जावं का?

---

सिंधू२००८ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४५

माझ्या मते नको. २ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय व्हिसा) जवळजवळ बंद, मुलाखत द्यावीच लागते. शिवाय नवा आय-९४ आला तरी ईएडी वेगळंच मंजूर व्हावं लागतं. शिक्क्याने शाळा सुरू होत नाही.

---

तात्या_डलासकर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:००

आणि पासपोर्टची तारीख बघा! माझ्या बायकोचा पासपोर्ट आठ महिन्यांत संपणार होता. विमानतळावर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला. मंजुरीपत्रावर तीन वर्षं, आय-९४वर आठ महिने. आम्ही बघितलंच नाही, सातव्या महिन्यात लक्षात आलं. चूक आमचीच. परत आल्यावर बॅग उघडायच्या आधी आय-९४ उघडा.

---

डबल_पोळी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अजून एक. २८ ऑक्टोबरपासून कागदी अर्जाबरोबर चेक घेत नाहीत. कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म लावायचा. माझ्या बहिणीने सवयीने चेक लावला, सगळं पाकीट परत. दोन आठवडे गेले.

---

रानजाई | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

एच-१बी मंजूर. माझं दोन्ही पेंडिंग.

सिंधूताई, तुमचे पाय कुठे आहेत? गेले नाही ते बरं झालं. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४वाल्यांचीही सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि नवऱ्याच्या टीममधल्या एकाची मुलाखत थेट मार्चवर ढकलली. तो नागपुरात अडकलाय, बायको-मुलं इथे.

---

पुणेरी_आजी | २० डिसेंबर, सकाळी ८:१५

सुनेचं कार्ड आलं. पोहे पूर्ववत.

---

अनामिक_आयटी | ८ जानेवारी २०२६, दुपारी ४:००

रानजाई, दोन महिने भारतातून रिमोट काम का करत नाही? भारतात बसून काम करायला अमेरिकेचा परवाना लागत नाही.

---

तात्या_डलासकर | ८ जानेवारी, दुपारी ४:०६

दादा, त्या सातवीच्या वर्गाला शिकवतात. आधी धागा वाचावा.

---

रानजाई | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

आज शेवटचा दिवस. कार्ड नाही.

मुलांना "रजेवर जातेय" एवढंच सांगितलं. एकाने विचारलं, "बेबी?" मी म्हटलं, "नाही, पेपरवर्क." तो म्हणाला, "माझ्या डॅडचंही असंच असतं," आणि पुढचं गणित सोडवायला लागला.

बदली शिक्षिकेसाठी मार्चपर्यंतच्या टिपणांची वही देऊन आले. ड्रायव्हिंग लायसन्सही आजच संपलं. त्याची तारीखही व्हिसाला बांधलेली. उद्यापासून मी घरी, आणि भाजी आणायलाही नवऱ्याच्या मागे.

---

सिंधू२००८ | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२०

फोन नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. दुपारी बाराला करत जा, मी जेवायला एकटीच असते.

---

कोकणचो_माणूस | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:००

तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसात केसवर्कर असतो. एक संमतीचा फॉर्म भरून दिला की ते चौकशी पाठवतात. मतदार असायची गरज नाही, तिथे राहत असलात की पुरे. आमच्या वेळी हललं होतं. शाळेचं पत्र जोडा.

---

रानजाई | ११ मार्च, दुपारी २:३०

आलं! एच-४ परवा मंजूर, ईएडी पाठोपाठ, कार्ड छापायला गेलंय. केसवर्करमुळे की आपोआप, देव जाणे. शाळेने जागा ठेवली आहे. कार्ड हातात आलं की आय-९ (कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) पुन्हा भरून सोमवारी हजर. मधल्या काळात वर्ग अपूर्णांकांवरच अडकलाय, म्हणजे मे महिन्यापर्यंत माझी धावपळ नक्की.

मुदत फेब्रुवारी २०२९.

---

खारे_शेंगदाणे | ११ मार्च, दुपारी २:४१

अभिनंदन! ऑगस्ट २०२८चं रिमाइंडर लावा, आणि वकिलांना जुलैतच गाठा.

---

रानजाई | ११ मार्च, दुपारी २:४३

लावलंय. नवऱ्याच्या फोनमध्येही, माझ्या आवाजात.

---

डबल_पोळी | ११ मार्च, दुपारी ३:१०

हुश्श! आता माझी पाळी, आज फोटो काढायला जातेय. टिकली चालते ना गं कार्डाच्या फोटोत?

---

सिंधू२००८ | ११ मार्च, दुपारी ३:१२

माझ्या चारही कार्डांवर आहे. चष्मा मात्र काढ.